मळ्यातल्या घराचं गेट: आधी रूळ, मग मोटार

प्रश्न: आमचं घर करवीर तालुक्याच्या पश्चिमेला, गावापासून लांब मळ्यात आहे. पाणंदीवर १४ फुटी लोखंडी गेट आहे, दोन झडपांचं, विटांच्या खांबांवर. आतली वाट चढाची, म्हणून वेल्डरनं गेट जमिनीपासून नऊ इंच वर टांगलंय. त्या फटीतून कुत्री आत येतात. मी आणि मिसेस दोघंही कोल्हापुरात नोकरीला. परतायला रात्र होते, पावसात उतरून गेट उघडायचं जिवावर येतं. घरी आई-वडील असतात, दोघांचेही गुडघे दुखतात. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या याच गेटानं जातात, म्हशी रोज दोनदा. एक जण म्हणतो, आहे त्याच गेटाला दोन आर्म मोटारी एका दिवसात बसवून देतो. बसवून घेऊ का? लाईट सारखी जाते, मग सोलर घ्यावं का? मोबाईलवरून गेट उघडतं म्हणतात, ते आमच्याकडं चालेल का? गेटापासून घर ९० मीटरवर आहे. गेटाच्या डाव्या हाताला कंपाउंडची भिंत सलग २२ फूट आहे.

उत्तर: बसवून घेऊ नका. आर्म मोटार, म्हणजे झडपेला दांड्यानं ढकलणारी मोटार, ही वस्तू वाईट नाही, पण तुमच्या जागेला ती बसत नाही, आणि त्याची कारणं तुमच्याच पत्रात आहेत.

पहिलं कारण चढ. झडप आत उघडायची तर ती चढत्या जमिनीला टेकणार, म्हणून वेल्डरनं नऊ इंचांची फट ठेवली. मोटार बसली तरी ती फट राहणार आणि कुत्रीही येणार. बाहेर उघडायचं म्हटलं तर झडपा पाणंदीवर येतील. ती वाट सगळ्यांची, त्यामुळं तो विचारच नको. शिवाय आर्म मोटारीच्या गेटाला वाटेच्या मध्यात जमिनीवर स्टॉपर लागतो. त्यावरून भरलेली ट्रॉली दहा वेळा गेली की स्टॉपर तरी वाकतो नाही तर काँक्रीटमधून उखडतो.

दुसरं कारण खांब. आर्म मोटार झडपेला बिजागरीपासून वीतभर अंतरावर ढकलते, आणि वारा मात्र झडपेच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून साडेतीन फुटांवर जोर लावतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा पत्र्याच्या गेटावर चौरस मीटरला साधारण १२ किलो दाब टाकतो. सात बाय सहा फुटांच्या झडपेवर हे ४५ किलोच्या पुढं जातं, आणि तरफेच्या हिशोबानं मोटारीच्या ब्रॅकेटवर त्याच्या पाचपट, म्हणजे सव्वादोनशे किलोंचा झटका बसतो. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवात असे झटके किती बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. विटांच्या खांबात ठोकलेले फास्टनर पहिल्याच वर्षी ढिले होतात, मग ब्रॅकेट हलतं, आणि मोटार खराब निघाली म्हणून बदलली जाते.

तुमच्याकडं डावीकडं २२ फूट सलग भिंत आहे. ही जागा असताना सरकतं गेट सोडून दुसरं काही करू नये. सरकत्या गेटाला आतला चढ आडवा येत नाही, कारण ते भिंतीला समांतर चालतं. भिंतीच्या रेषेत जमीन सपाट केली की झालं. वाराही त्याला उघडू-मिटू शकत नाही, फार तर वर त्याला धरून ठेवणाऱ्या रोलरवर दाबतो.

मोटारीच्या कंपनीचा विचार शेवटी करा. हातानं नीट न चालणारं गेट मोटारीनंही चालत नाही, फक्त ते कळायला सहा महिने जास्त लागतात. काम झालं की मोटार बसवण्याआधी वैरण मोजायचा हुकाचा काटा गेटाला अडकवून ओढा. दोनशे किलोंचं गेट आठ-दहा किलोंच्या ओढीत हललं पाहिजे. वीस किलो लागले तर रूळ किंवा चाकं चुकली आहेत. तिथं मोठी मोटार हा उपाय नाही, आधी रूळ-चाकं दुरुस्त करून घ्या.

आता मापं. वाट १४ वरून १६ फूट करा. सरळ जाणाऱ्या ट्रॉलीला १४ फूट पुरतात, पण अरुंद पाणंदीतून वळून येणाऱ्या जोडट्रॉलीत मागची ट्रॉली पुढच्याच्या चाकोरीवर चालत नाही, आतल्या बाजूला कापत येते आणि खांब घासते. रुंदी वाढवताना उजवा खांब पाडा, म्हणजे डावीकडचे २२ फूट शाबूत राहतील. गेट १८ फूट लांब आणि साडेपाच फूट उंच करा: उजवीकडं सहा इंच यू आकाराच्या खोबणीत शिरायला, डावीकडं दीड फूट खांबामागं राहायला. हा मागचा दीड फूट बहुतेक फॅब्रिकेटर लोखंड वाचवायला कमी करतात. मग गेट पूर्ण मिटल्यावर वरच्या रोलरांपैकी एकच जोडी त्याला धरून राहते आणि गेट डुलतं. एकेक फुटावर दोन जोड्या हव्यात, आणि गेट कुठंही असलं तरी दोन्ही जोड्यांत अडकलेलं हवं.

फ्रेम ६० बाय ४० च्या दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपची, खालच्या निम्म्या भागाला सव्वा मिलिमीटरचा पत्रा आणि वरच्या भागाला १२ मिलिमीटरचे चौकोनी बार चार-चार इंचांवर. असं गेट चाकं आणि रॅक (मोटार जिला ओढते ती दातेरी पट्टी) धरून साधारण दोनशे किलो भरतं. वरपर्यंत पत्रा लावू नका, वारा अडतो आणि कोण आलंय ते आतून दिसत नाही. पण बारांच्या आतल्या अंगाला बारीक जाळी लावाच. गेट खांबाच्या मागं सरकताना बारांमध्ये घातलेला हात कात्रीत सापडल्यासारखा सापडतो, आणि गेटाला लोंबकळायची लहान मुलांना सवयच असते.

चाकं दोनच घ्या, तीन नको. रूळ केसभर जरी वरखाली असला तरी तीनपैकी एक चाक अधांतरी राहतं आणि गेट डुगडुगतं. चाक १०० ते १२० मिलिमीटर व्यासाचं, दोन सीलबंद बेअरिंगचं. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर असं चाक करून मिळतं. खोबणी रुळाच्या गोलाईला जुळणारी काढायला सांगा. बाजारातलं ८० मिलिमीटरचं तयार चाक शहरातल्या फरशीवर ठीक. मळ्यात मातीचा खडा आला की लहान चाक त्यावर चढत नाही, अडतं.

रुळाचा पाया हे या कामातलं सगळ्यात खर्चाचं आणि सगळ्यात दुर्लक्षिलेलं काम. त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या आडव्या जाणार. आधी दीड-दोन फूट खणून बघा. तांबडी माती आणि खाली जांभा किंवा कडक मुरूम लागला तर काम सोपं आहे. काळी माती लागली तर ती पूर्ण काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथरानं धुम्मस करा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रूळ वर्षातून दोनदा वरखाली होतो.

बेड ३५ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. त्यात १२ मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा आठ-आठ इंचांवर. हे सुमारे ८० घनफूट काँक्रीट होतं. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या प्रमाणात धरून सिमेंटची १८ पोती आणि सगळी मिळून ७० किलो सळई धरा. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा आणि २८ दिवस त्यावरून ट्रॉली नेऊ नका. त्यासाठी हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये काम काढलेलं बरं: मेअखेर पाया पक्का होतो आणि मृगाच्या आत गेट उभं राहतं. ऑक्टोबरात काम काढलं तर पंधरा दिवसांत तोडणीची टोळी येते. कारखान्याची गाडी कोणी थांबवत नाही, आणि कोवळ्या काँक्रीटला तडे जातात.

रूळ म्हणजे २० मिलिमीटरचा गोल बार, ५० बाय ६ च्या पट्टीवर वेल्ड केलेला. पट्टीच्या खाली दर दोन फुटांवर सळईचे पाय वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये गाडायचे. वेल्डिंग सलग ओढू देऊ नका. एका बाजूला दोन इंच, मग फूटभर सोडून दुसऱ्या बाजूला दोन इंच असं करत जायचं, नाही तर तापून बार धनुष्यासारखा वाकतो. जोड तिरपा कापलेला हवा, आणि गेट मिटल्यावर चाकं जिथं थांबतात तिथं जोड येऊ देऊ नका. पूर्ण ३४ फुटांत लेव्हल एक सुतापेक्षा (तीन मिलिमीटर) जास्त चुकता कामा नये. गवंडी डोळ्यांनी बघून बरोबर म्हणेल, तुम्ही पाण्याच्या नळीनं तपासा. रूळ एका बाजूला उतरता राहिला तर लाईट गेल्यावर मोटारीचं क्लच सोडताच, म्हणजे हातानं ढकलायला गेट मोटारीपासून सुटं करताच, ते आपोआप पळतं. बार काँक्रीटच्या वर अर्धा इंच उघडा ठेवा. जमिनीत दाबलेल्या चॅनलचा रूळ मुळीच घेऊ नका. त्यात ट्रॉलीच्या टायरची माती, पाचट आणि खडी साचते, आणि हंगामात ते दिवसातून चारदा उकरत बसावं लागतं.

आतून बाहेर उतार असल्यानं पावसात सगळा गाळ थेट रुळावर येणार. तो रोखायला रुळाच्या आत दोन फुटांवर वाटेला आडवी चर काढा, २० सेंटिमीटर रुंद. तिच्यावर ५० बाय १० च्या पट्ट्या उभ्या लावून केलेली जाळी ठेवा. पट्टी आडवी टाकली तर पहिल्याच खेपेला वाकते. चरीचं तोंड भिंतीखालून बाहेरच्या ओढ्याकडं किंवा शेताच्या पाटाकडं काढा.

स्टॉपर हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मोटारीनं गेट कुठं थांबवायचं ते लिमिट स्विच ठरवतो, आणि लिमिट स्विच कधी ना कधी चुकतो. त्या दिवशी गेट रोलरांतून पुढं निघून गेलं तर दोनशे किलो लोखंड आडवं पडतं. सरकतं गेट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्टॉपर तरी नसतो किंवा टाक्यापुरता वेल्ड केलेला असतो. म्हणून दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये फूटभर गाडलेला ७५ बाय ७५ बाय ६ चा अँगल लावा. तो चाकाला नाही, गेटाच्या फ्रेमला अडवेल असा. दुसरा स्टॉपर गेटाच्या वरच्या पाइपला वेल्ड करा, तो रोलरांच्या चौकटीला अडेल. मोटार बसवण्याआधी दोन माणसांनी गेट जोरात ढकलून दोन्ही टोकांना आपटून बघायचं. तेव्हा काही हललं तर पुढचं काम थांबवा. फॅब्रिकेटर ‘मोटार थांबवते की’ असं म्हणाला तरी ऐकू नका.

मोटार २४ व्होल्टची डीसी घ्या, ६०० ते ८०० किलोंच्या गेटासाठीची. दोनशे किलोंच्या गेटाला एवढी कशाला, असं वाटेल. पण कंपनीचा आकडा सपाट, कोरड्या, नव्या रुळाचा असतो. चिखलात आणि चाकं झिजल्यावर लागणारा जोर यात धरलेला नसतो. २३० व्होल्टची एसी मोटार स्वस्त पडते, पण तुमच्या भागातल्या संध्याकाळच्या व्होल्टेजला ती टिकणार नाही. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो: २३० चे १८० झाले की जोर साठ टक्क्यांवर येतो. गेट अडतं, मोटार तापते, आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो, आणि अर्ध्या तासानं ती आपोआप सुरू झाली की बिघाड कुठं होता ते कोणालाच कळत नाही. डीसी मोटारीला बॅटरी असते, ती हळू थांबते आणि काही अडलं तर लवकर ओळखते.

मोटारीचा ओटा जमिनीपासून किमान आठ इंच उंच घ्या आणि त्याच उंचीला गेटाच्या फ्रेममध्ये एक आडवा पाइप ठेवायला आधीच सांगा, रॅक त्यावर बसतो. रॅक लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला, एकेक मीटरचे सहा तुकडे. दोन तुकडे जोडताना जोडाच्या खाली तिसरा तुकडा उलटा, दातात दात बसवून धरायचा आणि मगच बोल्ट आवळायचे. तसं केलं नाही तर जोडावर दातांचं अंतर चुकतं. गेट प्रत्येक वेळी तिथंच टक् करून उडी मारतं, आणि वर्षभरात मोटारीच्या पिनियनचे, म्हणजे रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात जातात. रॅक आणि पिनियन यांच्यात दीड-एक मिलिमीटरची फट पाहिजे. रॅक पिनियनवर टेकला तर गेटाचं वजन चाकांऐवजी मोटारीच्या शाफ्टवर येतं. चाकं झिजली की गेट खाली बसतं आणि ही फट बुजते, म्हणून रॅक वेल्ड करू देऊ नका. लांबट भोकांतून बोल्टनं बसवा, म्हणजे वर सरकवता येतो. फट गेटाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी तपासा. लिमिट स्विच चुंबकाचा घ्या. स्प्रिंगच्या लिमिट स्विचची दांडी वाळलेल्या चिखलानं जाम होते.

विजेचं थोडक्यात. गेटाची लाईन घरगुती मीटरवरून घ्या, शेतीपंपाच्या कनेक्शनवरून नको. शेतीची लाईन तुम्हाला हवी तेव्हा नसते, आणि शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतं. ९० मीटरला तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोरची आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल, दोन फूट खोल, एचडीपीई पाइपातून न्या. दुकानदार एक चौरस मिलिमीटरची साधी वायर पुरते म्हणेल. त्या वायरीला एवढ्या अंतरात सव्वातीन ओहम रोध येतो, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याला आठ अँपिअर ओढले गेले तर २६ व्होल्ट वाटेतच संपतात. २.५ च्या केबलला हा रोध सव्वा-दीड ओहमांवर राहतो. आर्मर्डचा आग्रह मात्र घुशींसाठी आहे, उसाच्या बांधातली घूस साधी वायर एका रात्रीत तोडते. फोटोसेल (ते काय ते पुढं सांगतो) आणि बटणांच्या वायरी वेगळ्या पाइपातून न्या.

गेटाच्या बाजूला छोट्या डब्यात जास्त करंट आला की लाईन तोडणारा १० अँपिअरचा एमसीबी, करंट गळला की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा. वळवातल्या विजांनी सर्वात आधी जातं ते मोटारीतलं कंट्रोल कार्ड, आणि सर्ज प्रोटेक्टर त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पण अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर शोभेचा. गेटाजवळ स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घ्या, रोध मोजून पाच ओहमच्या आत आणा, आणि मोटार, कंट्रोल डबा, रूळ असं सगळं लोखंड त्याला जोडा. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी म्हशी हाकणारी माणसं त्याला हात लावणार आहेत.

वायर मोटारीत शिरते ती जागा ग्लँडनं, म्हणजे वायरीभोवती आवळायच्या बुचानं, आणि सिलिकॉननं बंद करा. आमच्याकडं येणाऱ्या ‘पहिल्या पावसात मोटार बंद पडली’ अशा पत्रांत पुष्कळदा दोष पाण्याचा नसतोच: उबेला आलेल्या मुंग्या किंवा पाल कंट्रोल कार्डावर मरून पडलेली असते आणि तिथं शॉर्ट होतं. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून बघा.

ऊस आणि म्हशी यांच्यामुळं तुमच्याकडं शहरापेक्षा वेगळी सेटिंग लागेल. फोटोसेल म्हणजे वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर लावलेले डोळे. मधला किरण तुटला की मिटणारं गेट थांबून उलटं फिरतं. सर्वसाधारणपणे ते ५०-६० सेंटिमीटर उंचीवर एक जोडी लावतात. ट्रॅक्टर गेला की मागच्या ट्रॉलीच्या दांडीपर्यंत मोकळी जागा येते. दांडी बारीक आणि खाली, किरण तिच्या वरून जातो. गेटाला वाटतं वाहन गेलं, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये ते मिटायला लागतं. दुसऱ्या ट्रॉलीच्या दांडीवर पुन्हा तेच. म्हणून एक जोडी ४० आणि दुसरी १०० सेंटिमीटर उंचीवर लावा, आणि तरीही आपोआप मिटण्याची सोय, ज्याला ऑटो क्लोज म्हणतात, ती तोडणीच्या दिवसांत पूर्ण बंद ठेवा. तोडणीत गेट उघडून, क्लच सोडून, साखळीनं बांधून ठेवलेलं सगळ्यात चांगलं. एरवीसुद्धा ऑटो क्लोज एक मिनिटापेक्षा कमी ठेवू नका, रेंगाळणारी म्हैस किंवा वासरू मध्येच थांबतं. फोटोसेलच्या दोघांपैकी किरण घेणाऱ्या भागाच्या समोर मावळतीचं ऊन येणार नाही असा त्याला बसवा, नाही तर रोज संध्याकाळी ठरावीक वेळी गेट हट्टानं उघडं राहतं. काचेवरचं कोळ्याचं जाळंही तोच त्रास देतं.

जोराची मर्यादा कार्डावर कमी-जास्त करता येते. बसवणारा माणूस गेट अडू नये म्हणून ती पूर्ण वर करून जातो. युरोपातल्या ईएन १२४५३ मानकात मिटणाऱ्या गेटाच्या धक्क्याला ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोंची कमाल मर्यादा आहे. तुम्ही रिकामा प्लास्टिकचा क्रेट वाटेत, फोटोसेलच्या रेषेबाहेर आडवा धरून गेट मिटवा: क्रेट चेपायच्या आत गेट उलटलं पाहिजे. हे दर महिन्याला करा.

माणसांसाठी भिंतीत साडेतीन फुटांचं वेगळं छोटं दार ठेवा, सरकत्या गेटात कापून नको. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जाणारा माणूस, पोस्टमन, मजूर यांच्यासाठी १८ फुटी गेट उघडायचं कारण नाही. जुन्या गेटाची एक झडप कापून त्याचं दार होतं. आई-वडिलांना क्लच सोडायची किल्ली कुठं असते आणि ती कशी फिरवायची, हे दाखवून त्यांच्याकडूनच दोनदा करून घ्या. ती किल्ली घरात, दारामागं खिळ्याला हवी. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली तर लाईट गेलेल्या दिवशी ती शहरात असते. किल्लीच्या कुलपात मृगाच्या आधी तेलाचे दोन थेंब टाका, नाही तर पावसाळ्यात ते गंजून बसतं.

सोलरबद्दल तुमचा समज बहुतेकांसारखाच असेल, की गेट चालवायला खूप वीज लागते. तसं नाही. एकदा उघडून मिटायला पावणेदोन वॉट-तास लागतात, दिवसाला वीस वेळा केलं तरी ३५. खरी वीज खातं ते रात्रंदिवस जागं असलेलं कार्ड, रिसीव्हर आणि फोटोसेल: पाच वॉट धरले तर दिवसाला १२० वॉट-तास. मोटारीसोबत येणाऱ्या १२ व्होल्ट सात अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत एकूण १६८ वॉट-तास मावतात, त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे लाईट गेल्यावर साधारण अर्धा दिवस निघतो. तुमच्याकडं घरगुती लाईट येतेच, मग एवढा बॅकअप पुरतो. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलायच्या हे धरून चाला. फक्त सोलरवर चालवायचं असेल तर जुलै-ऑगस्टचा हिशोब करावा लागतो. घाटाकडच्या ढगाळ दिवसांत पॅनेलला दीड तासांचंच चांगलं ऊन मिळतं असं समजा. म्हणजे किमान १५० वॉटचं पॅनेल आणि २४ व्होल्टची चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी. तो खर्च लाईन असताना करू नका.

मोबाईलचं उत्तर सोपं आहे. सिम घालायचं एक यंत्र मिळतं, ठरावीक नंबरांवरून मिस्ड कॉल आला की ते गेट उघडतं. कॉल उचलला जात नाही म्हणून पैसेही लागत नाहीत. यंत्र फोर-जीवर चालणारं घ्या आणि आधी गेटाजवळ उभं राहून त्या कंपनीच्या सिमला रेंज किती येते बघा. तरीही रोजच्या वापराला रिमोटच बरा. दर वेळी कोड बदलणारा, ज्याला रोलिंग कोड म्हणतात, तोच मागा. कामावरचा माणूस सोडून गेला की त्याचा नंबर त्याच दिवशी काढून टाका.

तुमचं रान चढावर आहे, पण हे सदर नदीकाठचे लोकही वाचतात, म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुराचं पाणी जिथं आलं होतं, तिथं मोटार चार बोल्ट आणि एका प्लगवर सुटेल अशीच बसवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं जायला लागली की ती काढून माळ्यावर ठेवा. ४३ फुटांची धोक्याची पातळी येईपर्यंत थांबलात तर वाट बंद झालेली असेल.

काम देताना फॅब्रिकेटर, गवंडी आणि मोटारवाला यांना एकाच दिवशी जागेवर बोलवा. ओट्याची उंची, रॅकचा पाइप आणि केबलचे पाइप ही तिघांची मिळून मापं आहेत, आणि ती वेगवेगळी घेतली की नवीन काँक्रीट फोडावं लागतं. लेखी कोटेशनमध्ये बेडचं माप, सळई, चाकाचा व्यास, स्टॉपर, सर्ज प्रोटेक्टर, फोटोसेलच्या दोन जोड्या आणि बॅटरी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. एकूण रकमेचा शेवटचा हप्ता, दहा-पंधरा टक्के तरी, जुलैतला पहिला सलग आठवड्याचा पाऊस होऊन गेट चालल्यावर द्यायचा, हेही त्याच कागदावर असू द्या.